सांगून जायचं

पाळणाघराच्या दाराशी एक बुटकं फाटक होतं, आणि सकाळच्या वेळी त्या फाटकाशी मावशी. मूल सोडायला आलेल्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे, "सांगितलंत का त्याला?"

मुलाला कशात तरी गुंतवून आईबापांनी गुपचूप निसटायचं नाही, हा तिथला नियम. केला होता पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनी. पण त्याला दात होते ते मावशींचे. परवाच एका बाबांनी लेकापुढे खेळण्यातली गाडी सरकवली आणि ते हळूच मागच्या पावली निघाले. मावशी फाटकाला पाठ लावून उभ्या!

"चोरासारखे कुठे निघालात? पोरगं तुमचंच ना?"

"अहो, रडेल तो!"

"रडू दे की. रडणाऱ्याला मी कडेवर घेईन. पण बाबा कुठे म्हणून शोधत फिरणारं पोर बघवत नाही मला. जा, टाटा करून या."

बाबा टाटा करायला परत आत गेले.

अशा या मावशींची नात ठमू पाळणाघरात आली. ठमूच्या आईला बऱ्याच वर्षांनी छापखान्यात काम मिळालं होतं, अजून कच्चंच. ठमू रुळली तरच ते टिकणार होतं. सांभाळणाऱ्या बाईने घरचं मूल आपल्याच खोलीत ठेवायचं नाही, हाही तिथला नियम. म्हणून ठमू मोठ्या मुलांत आणि आजी भिंतीपलीकडे तान्ह्यांच्या खोलीत.

पहिल्या दिवशी ठमू ठोकळ्यांचा मनोरा रचण्यात रंगली होती. मावशी दारात घुटमळल्या. आता सांगितलं तर ही भोकाड पसरणार. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता सटकल्या.

रडण्याचा आवाज काही आला नाही. ठमूने आजीला पडद्यामागे शोधलं, गाद्यांच्या चळतीमागे शोधलं, मोरीत डोकावून पाहिलं. त्यानंतर तिने ठोकळ्यांना हात लावला नाही. जेवताना डोळे दाराकडे, झोपायचं तर नावच नाही. मावशी दिसल्या की त्यांच्या ॲप्रनची नाडी मुठीत घट्ट. आठवडाभरात ठमूच्या आईला कामावरून दोनदा बोलवून आणावं लागलं.

"आई, मालकांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्यात," ती म्हणाली. "असंच चाललं तर सोडावं लागेल गं मला."

मावशींना घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी दुपटी घडी करता करता त्या ताईंना म्हणाल्या, "ताई, पहिल्या दिवशी मी ठमूला न सांगताच सटकले."

"तुम्ही?" ताईंच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं.

"धीरच झाला नाही. लोकांना अडवते तोंड वर करून, आणि स्वतः चपला हातात घेऊन पळाले!"

ताईंना हसू आवरेना. "मग उद्या तुमचं फाटक मी. ठमूच्या खोलीच्या दाराशीच उभी राहते, बघते कशा निसटता ते."

सकाळी खरोखरच ताई खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. मावशी ठमूसमोर जमिनीवर बसल्या. "ठमू, मी आता बाळांकडे जाते. तुझं दूध पिऊन झालं की येईन. त्याआधी नाही."

ठमूने असं भोकाड पसरलं की पलीकडची तान्हीही जागी झाली. मावशी उठल्या, वळून न बघता गेल्या. बाळाला भरवताना चमचा तोंडाऐवजी गालावर जात होता. पण ठमूचा पेला रिकामा झाला तेव्हा त्या दारात हजर होत्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी रडणं होतं, पण त्याला जोर नव्हता. मग एका दुपारी ठमू चक्क घोरत झोपली. छापखान्यात पुन्हा निरोप धाडावा लागला नाही, आणि महिना संपता संपता ठमूच्या आईचं काम पक्कं झालं.

त्यानंतरच्या एका सकाळी मावशी नेहमीसारख्या सांगायला गेल्या. "ठमू, जाते हं मी."

ठमूचा मनोरा तिच्या खांद्याला लागला होता. तिने मान वर केली नाही. "अजून गेली नाहीस?"

मावशी फाटकाशी येऊन ताईंना म्हणाल्या, "बघा, हाकलते मला!" आणि दिवसभर भेटेल त्याला हे गाऱ्हाणं हसत हसत सांगत राहिल्या.