दादाला क्लबाने का घेतले नाही

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी दादाला विचारलेत, की तू विद्यापीठाचा सगळ्यांत चांगला फुटबॉल खेळाडू, मग क्लबाने तुला घेतले का नाही. तो हसला, "नेट जातंय" म्हणाला आणि फोन माझ्या हातात देऊन जिना उतरून गेला. नेट जात नव्हते. मग तुमच्यापैकी थोरल्याने मला सांगितले, की तुमच्याकडेही असे होते. कॉलेजात ज्याच्यासाठी सगळे स्टेडियम उभे राहते, त्याला मोठे संघ निवडतीलच असे नाही. तुमचा अमेरिकेतला फुटबॉल हाताने खेळतात, आमचा पायाने, त्यामुळे तिथले मला सांगता येणार नाही. इथले कारण मला माहीत आहे. ते त्याच्यासमोर बोलण्यासारखे नाही, म्हणून लिहिते आहे. त्याला पुन्हा विचारू नका.

दादा, म्हणजे तुमच्या मामाचा मुलगा, आठव्या वर्षी मुंज झाली तेव्हा शाळेतून निघाला आणि पाठशाळेत गेला. इथे काशीत दुर्गाघाटावरच्या आपल्या घरांत अजून कुठे कुठे असे होते. एक तरी मुलगा वेदाला द्यायचा, अशी तुमच्या आजोबांची इच्छा. मी मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवले. मला हे पटले नव्हते. शेवटी आमचे दोघांचे ठरले: संहिता पाठ होईपर्यंत तो त्यांचा, त्यानंतर पदवीपर्यंत माझा. मुलाला कोणी विचारले नाही. साडेतेराव्या वर्षी त्याने पाचवीच्या वर्गात प्रवेश घेतला. बाकीची मुले त्याच्या खांद्याशीही येत नव्हती. तो शेवटच्या बाकावर पाय दुमडून बसे, म्हणजे कमी उंच दिसेल.

फुटबॉल तो घाटावर शिकला. पाठशाळेतली चार-पाच मुले संध्या आटोपली की पायऱ्यांखालच्या फरशीवर खेळत. फरशी अरुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गंगा. ज्याच्या पायाने चेंडू पाण्यात जाईल त्याने पोहून आणायचा, हा नियम. थंडीत तो नियम कडक असे. त्यामुळे ही मुले चेंडू लांब मारतच नसत. पायाशी धरून ठेवायचा, भिंतीला लागून वळवायचा, दोघांच्या मधून काढायचा. त्यात दादाइतके कोणीच तरबेज नव्हते. मंगला गौरीच्या देवळाकडे जाताना मी वरच्या पायरीवर थांबून बघत असे. तेव्हा मला तो फक्त खेळ वाटला.

विद्यापीठात आला तेव्हा तो एकवीस पूर्ण होऊन बाविसाव्यात होता, आणि बरोबरीचे अठराचे. त्याचे खांदे भरलेले, अंगात ताकद. पहिल्याच वर्षी संघ त्याच्याभोवती बांधला गेला. मैदानावर सगळे त्याला पंडितजी म्हणत. मी सामने बघायला जात असे. सिमेंटच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र अंथरून बसायची.

"पंडितजी, गोल का मुहूर्त निकालिए, भूख लगी है," गोलकीपर मागून ओरडायचा.

"दक्षिणा पहले," हा तिकडून म्हणायचा, आणि खरेच दोन मिनिटांत गोल करायचा.

मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते. वर्तमानपत्रातली कात्रणे, प्रमाणपत्रे, विद्यापीठाची पत्रे, सगळे मी एका फाईलीत लावत गेले. तारखेच्या क्रमाने, सगळ्यांत जुने सगळ्यांत वर, पहिल्या पानावर अनुक्रमणिका. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या आईच्या लसीकरणाचा कागदसुद्धा माझ्याकडे आहे.

या हिवाळ्यात, त्याचे शेवटचे वर्ष चालू असताना, बाहेरच्या एका व्यावसायिक क्लबाची माणसे खेळाडू निवडायला विद्यापीठाच्या मैदानावर आली. तीन दिवस ट्रायल होती. बाहेरगावची कितीतरी मुले आली होती, पण आमच्या गल्लीत कोणालाच शंका नव्हती. दूधवाल्याने आदल्या दिवशी पेढे सांगून ठेवले होते. दादाने वडिलांना, म्हणजे तुमच्या मामाला, स्वच्छ सांगितले होते, की निवड झाली तर जाईन, नाही झाली तर तुमच्याबरोबर यजमानांकडे पूजेला बसेन, पुन्हा खेळाचे नाव काढणार नाही. मामाने मान डोलावली. एवढे सगळे त्या तीन दिवसांवर टांगलेले होते.

तिसऱ्या दिवशी मी गेले. फाईल पिशवीत घेतली.

"आजी, फाईल राहू दे ना. तिथे कोणी कागद बघत नाही."

"बघणार नाहीत तर परत आणू. वजन मला होतंय, तुला नाही."

मी काय पाहिले ते सांगते. त्याला नेहमीच्या जागी खेळवलेच नाही. आधी बाजूला, मग मागे. समोरची मुले सतरा-अठराची, सडपातळ, पण चेंडू त्यांच्या पायाला लागायचा आणि लगेच निघून जायचा. दादाकडे चेंडू आला की तो थांबवायचा, पायाशी घ्यायचा, वळायचा. तेवढ्यात दोघे येऊन घेऊन जायचे. विद्यापीठात त्याला वळायला वेळ मिळत असे. समोरचा त्याला घाबरून एक पाऊल मागे सरत असे. इथे कोणी मागे सरले नाही. अर्ध्या तासाने तो चेंडू मागायचाच बंद झाला. गोलकीपर माझ्या शेजारी बसला होता. तो काही ओरडला नाही.

यादी वाचली. दादाचे नाव नव्हते. मी पुन्हा वाचायला सांगितले, आणि त्यांनी पुन्हा वाचली.

दादा पिशवी घ्यायला आला. मी त्याला "पाणी पी आधी" म्हणाले, तेवढ्यात निवड करणाऱ्यांतला एक जाडसर गृहस्थ, गळ्यात शिट्टी, वळून थांबला.

"आज्जी, तुम्ही मराठी? हितं काशीत?"

"सात पिढ्या. तुम्ही?"

"कोल्हापूर. आमच्यात पोरगं चालायच्या आधी बॉलला लाथ मारतंय." तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. "तुमचा नातू हाय? त्याला वाईट वाटलं असंल. पण आज्जी, पोरगं चांगलंय, खोटं नाही बोलत."

"चांगला आहे तर का नाही घेतला?"

दादा म्हणाला, "आजी, चल."

"बोलू दे की त्यास्नी," तो गृहस्थ म्हणाला. मग मला सांगू लागला, आणि मला वाटते, तो खरोखर समजावत होता. "कॉलेजात ह्यो सगळ्यात मोठा. वयानं, अंगानं. सगळे ह्याच्याकडं बॉल देत्यात. गोल होणारच. आमच्यात सगळेच असले असत्यात. तिथं बॉल पायात ठिवून चालत नाही, आल्या आल्या सोडायला लागतो. ह्याला ती सवय लावायला तीन-चार वर्सं लागतील. तवर ह्यो सत्तावीस-अठ्ठावीसचा. मग आम्ही अठराचं पोरगं का घेऊ नये? आज कोण चांगला, ते आम्ही बघत नाही आज्जी. अजून किती शिल्लक हाय, ते बघतो."

त्याने दादाकडे बघितले. "तू सतराचा असताना कुठं हुतास रे? तवा कुणी बघितलं नाही तुला?"

"नाही सर," दादा म्हणाला. "तेव्हा नववीत होतो. रामनगरला एक टूर्नामेंट खेळलो होतो, बस. कोणी नाही बघितलं."

मी तोवर फाईल उघडली होती. प्रमाणपत्रे दाखवावीत, एवढेच मनात होते. अनुक्रमणिका उलटली आणि त्या गृहस्थाने पहिला कागद वाचायला घेतला. तेव्हा मला आठवले की पहिला कागद कोणता आहे.

रामनगरच्या त्या स्पर्धेनंतर कोलकात्याच्या एका फुटबॉल अकादमीचे पत्र आले होते. इंग्रजीत, पालकांच्या नावे. आमच्या प्रशिक्षकांनी आपल्या मुलाचा खेळ पाहिला, राहणे, जेवण आणि शिक्षण आमच्याकडे, दोन महिन्यांत पाठवावे. आपल्या घरात इंग्रजी पत्र आले की ते माझ्याकडे येते. कोणी दुसरे उघडत नाही. मी वाचले. आजोबांनी आपला वाटा घेतला, आता माझ्या वाट्यात कोणी हात घालू नये, असे मला वाटले. मी उत्तर लिहिले. मामाला म्हणाले, "खेळाचं काहीतरी होतं, उत्तर दिलंय." दादाला सांगितले नाही. त्याचे लक्ष उडाले असते. आणि पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले: उत्तर पाठवले, पदवीनंतर पाहू.

त्या गृहस्थाने वाचले. कोपराही वाचला. मग कागद नीट केला, फाईल बंद केली आणि ती माझ्याऐवजी दादाच्या हातात दिली. "येतो आज्जी," म्हणाला. "जपून उतरा, पायऱ्या उंच हैत."

मैदागिनच्या चौकापर्यंत ई-रिक्षात दादाने फाईल मांडीवर ठेवली होती. उघडली नाही. पुढे गल्लीतून चालताना दूधवाल्याने नुसता त्याचा चेहरा बघितला आणि पेढ्यांचा खोका फळीखाली सरकवला. घरी आल्यावर दादा हातपाय धुऊन जमिनीवर बसला आणि फाईल उघडली. पहिल्या कागदाशी बराच वेळ थांबला.

"आजी, तू उत्तर दिलंस त्याची कॉपी आहे?"

होती. माझ्याकडे असणारच. कपाटातून काढून दिली. त्याने ती सबंध वाचली, पाठशाळेतल्या मुलासारखे ओठ हलवत.

"इंग्लिश बढिया आहे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी तो फार शोधला.

मी म्हणाले, "मला वाटलं होतं—"

"हो, आजी."

त्याने दोन्ही कागद तारखेप्रमाणे जिथल्या तिथे लावले आणि फाईल माझ्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तो मामाबरोबर जातो. त्याचे पठण शुद्ध आहे. यजमान मुद्दाम त्यालाच बोलावतात. विद्यापीठाच्या मुलांनी शेवटच्या सामन्याला दोनदा निरोप पाठवला, गोलकीपर स्वतः दारात येऊन बसला. "पंडितजी, बिना मुहूर्त के ही चलिए," म्हणाला. हा हसला आणि गेला नाही.

तुमच्याशी तो पूर्वीसारखाच बोलेल, माझ्याशीही बोलतो. औषध आणतो, जिना चढताना हात धरतो. फक्त परवा पोस्टमनने खालून हाक मारली, इंग्रजी पत्त्याचा लांब लिफाफा होता. मी सवयीने चष्मा घेऊन उठले. तो माझ्या आधी खाली गेला, दारातच उभ्याने लिफाफा फोडला, एक एक शब्द लावत वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. कशाचे पत्र होते, ते मी विचारले नाही.