धर्माचा दोर

चीनशी लढाई झाली त्या हिवाळ्यात आमची इंजिनिअर्सची रेल्वे कंपनी उत्तर बंगालच्या डोंगरात पोस्ट झाली. मी नाईक होतो. माझं गाव म्हसळ्याजवळ, घरी भातशेती. आगगाडी म्हणजे मोठी, काळी, धडधडणारी वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं. डोंगरातलं इंजिन पाहून हसूच आलं. दोन रुळांमध्ये अंतर दोन फूट, आणि इंजिन आमच्या गोठ्याएवढं. पण दरडीने मोटाररस्ता बंद होता. वर रेशन आणि ब्लँकेट नेणं आणि खाली आजारी, जखमी जवान आणणं, हे सगळं त्याच इंजिनावर होतं. माझं हसणं लवकरच थांबलं.

त्या इंजिनावर माणसं फार लागत. ड्रायव्हर, फायरमन, वर बसून कोळसा फोडणारा, आणि अगदी पुढे, बफरच्या पट्टीवर, दोन वाळूवाले. धुक्याने रूळ ओले झाले की चाकं घसरत. मग वाळूवाल्यांनी हाताने रुळांवर कोरडी वाळू सोडायची. त्याने चढावर चाकाला पकड मिळे आणि उतारावर ब्रेक लागे. रेल्वेकडे माणसं कमी होती, म्हणून एका जागी आमचा सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचा साधा जवान, बसवायचा हुकूम आला. धर्मा कोळी आपणहून पुढे आला.

धर्मा दिघीचा. आम्ही दोघंच रायगडच्या बाजूचे, त्यामुळे त्याची जीभ माझ्यावर जास्त चाले. मी पेजेवर वाढलेला भित्रा शेतकरी, असं तो सगळ्या बराकीत सांगत असे. इंजिनाच्या पट्टीवर बसून तो मला म्हणाला, "नाईकसाब, ही पन एक होरीच हाय. नाळीवर बसायचा नि समोर बगायचा."

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. त्याचे वडील तिथूनच वादळात समुद्रात फेकले गेले होते. त्यांच्या कमरेला दोर नव्हता. म्हणून धर्मा भरती झाला तेव्हा आईने वडिलांच्या होडीवरचा सुती दोर त्याच्या ट्रंकेत घातला होता, आणि धोक्याच्या जागी तो बांधल्याशिवाय बसायचं नाही अशी शपथ घातली होती. धर्माने तो कमरेभोवती घेतला, इंजिनाच्या आडव्या दांड्यामागून ओवला आणि पोटावर गाठ मारली.

ड्रायव्हर नेपाळी, वयस्कर माणूस. त्याला ते अजिबात आवडलं नाही.

"यहाँ कोई डूबता नहीं, जवान। यहाँ कूदना पड़ता है।"

धर्मा माझ्याकडे वळला. "त्यांना सांगा, आयची शपथ हाय."

मी सांगितलं. ड्रायव्हरने मान हलवत शिटी दिली. पुढे रोज धर्मा दोर बांधूनच बसे. स्टेशन आलं की मी डब्यातून उतरेपर्यंत धर्मा चहावाल्यापाशी पोचलेला असे, आणि माझाही कप त्याने घेतलेला असे.

त्या दिवशी दुपारी आम्ही खाली निघालो. डब्यांत हिमदंश झालेले जवान होते. बऱ्याच जणांच्या पायांना बँडेज, स्वतः उतरायची ताकद कुणालाच नाही. पहिल्या डब्याच्या हँडब्रेकवर मी होतो. धुकं दाट होतं. शेवटच्या मोठ्या उतारावर ब्रेकने चाकं जाम झाली, पण गाडी थांबेना. रुळांवरून ती नुसती सरकत चालली. ड्रायव्हरने ब्रेकसाठी शिट्या दिल्या. मी हँडब्रेकचं चाक फिरवून हात सोलून घेतले.

वळणावर मला पुढचं दिसलं. डोंगरातून सुटलेला धोंडा रुळांवर पडला होता. पलीकडे दरी.

"कूदो!" ड्रायव्हर ओरडला. "दोनों कूदो!"

दुसऱ्या वाळूवाल्याने डोंगराच्या बाजूला उडी टाकली. धर्मा पट्टीच्या मध्यभागी सरकला आणि दोन्ही हातांनी दोन्ही रुळांवर वाळू टाकू लागला. "धर्मा, उडी मार!" मी ओरडलो. त्याने वळून पाहिलं नाही. चाकाखाली करकर आवाज आला, गाडीचा वेग उतरू लागला. आणखी थोडी जागा असती तर थांबलीही असती. इंजिन धोंड्यावर आदळलं आणि डोंगराला टेकलं. डबे रुळांवरच राहिले.

जवानांपैकी कुणालाही खरचटलं नाही. धर्मा जागीच गेला. दोर मागून सुरीने कापून मी त्याला सोडवलं. दोरामुळे उडी मारता आली नाही, असं चौकशीत ठरलं. मलाही तेच वाटत होतं. त्या दोराचा मला इतका राग आला होता की तो मी जाळणार होतो. पण वस्तू त्याच्या आईची होती.

उन्हाळ्यात रजा मिळाली. म्हसळ्याहून एसटीने दिघीला गेलो. दोर दाखवायचा नाही, हे वाटेत ठरवलं. धर्माची आई वाळत घातलेले बोंबील काढत होती. मी कोण ते सांगितलं. तिने मला पाणी दिलं आणि समोर बसली.

"दोर बांदला व्हता ना त्यानं?"

"होय, मावशी."

"तुमच्या कंपनीचा एक मानूस येऊन सांगून गेला. दोरानं अडाकला म्हनं. मंग मीच मारला माज्या पोराला."

माझा हात नकळत पिशवीवर गेला. तिने हात पुढे केला. "हाय तुज्याकडं. दे."

मी पिशवीतून दोर काढला. गाठ तशीच होती, डागही. तिने तो मांडीवर घेतला, गाठीवरून बोट फिरवलं आणि थांबली. मग एक टोक धरून हिसका दिला. सहा महिने घट्ट बसलेली गाठ एका हिसक्यात सुटली.

"ही त्याच्या बापानं शिकवलेली गाठ," ती म्हणाली. "होरी उलटली तर एका हातानं सोरायची." तिने मोकळा दोर माझ्यासमोर धरला. "तो अडाकला नवता, बाबा. तो बसून ऱ्हायला."

एवढं म्हणून ती रडू लागली. मीही रडलो, तिथेच, बोंबलांच्या ढिगापाशी. स्टेशनावर माझ्याआधी चहापाशी उभा असलेला धर्मा मला दिसत होता. गाठ इतक्या लवकर कशी सुटते, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

सॅपर धर्मा कोळी, राहणार दिघी. त्याला सुटता येत होतं.