भिंतीपलीकडची जयवंता

अमेरिकेतल्या लढाईमुळं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते, तेव्हाची ही गोष्ट. बडनेऱ्याजवळच्या एका खेड्यात पुंजाराम नावाचा कुणबी राहायचा. चिमूटभर कापूस बोटांत ताणून तो धाग्याची लांबी सांगे, म्हणून अमरावतीच्या बाजारात त्याला मान होता. घरी बायको जयवंता आणि धाकटा भाऊ उत्तमराव. मूलबाळ नव्हतं.

एका हिवाळ्यात अकोल्याच्या वाटेवर नाल्याच्या उतारात त्याची गाडी उलटली आणि डोकं दगडावर आपटलं. चार दिवस शुद्ध नव्हती. पाचव्या दिवशी डोळे उघडले, भावाला ओळखलं, बैलांची चौकशी केली. मग जयवंता पेज घेऊन आली, तर तिच्याकडं टक लावून बघत राहिला.

"हे कोन बाई हाये?"

"दादा, वैनी हाये ना!" उत्तमराव म्हणाला.

"दिसते तिच्यासारखी. नाक तेच, गोंदन तेच. पन हे ते नोहे."

जयवंता रडत चुलीपाशी गेली. जरा वेळानं भिंतीआडूनच तिनं विचारलं, "अवो, पेज थंडी होऊन राहिली, पेता का?"

पुंजाराम आनंदानं उठून बसला. "कवा आली तू? कुठी होती इतले दिवस?"

ती धावत बाहेर आली. त्यानं तोंड फिरवलं.

मांत्रिकानं त्याला कडुनिंबाच्या फोकानं झोडपून पाहिलं. मग अमरावतीहून वामनराव वैद्य आले. त्यांनी पुंजारामच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि जयवंताला बोलायला लावलं. त्यानं तिचा हात घट्ट धरला, ढसाढसा रडला. पट्टी सोडताच हात झटकला. "पुन्हा तेच बाई! मले फसवता तुमी." त्यानंतर त्यानं कधी पट्टी बांधू दिली नाही.

अंगणात वैद्य जयवंताला म्हणाले, "डोळे शाबूत आहेत, कान शाबूत आहेत. पण तुम्ही दिसलात की त्याच्या आतून जी माया उठायची, ती उठेनाशी झाली. मायेवाचून चेहरा परका वाटतो. आवाजाची वाट तेवढी उघडी आहे."

"हे बरं होईन का, महाराज?"

"मी असं कधी पाहिलं नाही, बाई."

जयवंतानं मग भिंतीआडून संसार केला. समोर ती परकी बाई होती, मुकाट्यानं ताट वाढणारी. भिंतीपलीकडं गेली की त्याची बायको. तो तिच्याशी तासन्‌तास बोले.

"ते बाई वाईट नाही," एकदा तो म्हणाला. "रांधते चांगलं. पन तिले पाह्यलं का मले तुही लय याद येते. तू कावून समोर येत नाही?"

"येईन."

"कवा?"

तिनं चुलीत लाकूड सारलं. तीन वर्षं असंच चाललं. दोनदा तो तिला शोधायला पायी तिच्या माहेरी गेला, हात हलवत परत आला.

चौथ्या उन्हाळ्यात त्याला ताप भरला. जयवंतानं पाणी पुढं केलं की तो दात घट्ट मिटे. शेवटी पाणी उत्तमरावानं पाजायचं आणि तिनं भिंतीआडून बोलत राहायचं, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तुरीबद्दल, गाभण गायीबद्दल सांगत होती. तो हुंकार देत होता. मग हुंकार थांबला. झोप लागली असेल, अशा समजुतीनं ती हळू आवाजात बोलतच राहिली.

उत्तमराव दारात येऊन उभा राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "आता थांबा."