पिवळी पिशवी

"मॅडम, आधी ती गाडी हितून हलवा," बाई म्हणाल्या. 'बसा'सुद्धा म्हणाल्या नाहीत. "मग बोला काय बोलायचं ते."

मी मागे वळून पाहिलं. आमची जीप त्यांच्या दारासमोर उभी होती. दोन्ही बाजूंना संस्थेचं नाव ठळक अक्षरांत. समोरच्या ओट्यावर दोन बायका हातातलं निवडण थांबवून बघत होत्या. मी माफी मागायला आले होते आणि येताना तीच चूक पुन्हा करून आले होते. आमच्या ड्रायव्हरनं, नवनाथनं, गाडी मारुतीच्या देवळापाशी नेली. पण बघायचं ते बघून झालं होतं.

या बाईंचं नाव मी सांगणार नाही. गावाचंही नाही. पाटोद्याच्या बाजूचं, एवढं पुरे. आमच्याकडे त्या अठ्ठावीस नंबर.

मी एका महिला दूध संस्थेची ऑफिस मॅनेजर. संस्था छोटी. गावोगावच्या केंद्रांवर दूध गोळा करायचं, फॅट मोजायची, पैसे सभासद बायकांच्या खात्यावर टाकायचे. त्या वर्षी दुष्काळ पडला. बऱ्याच जणींची जनावरं छावणीला गेली आणि संकलन पार खाली आलं. तेव्हा एका देणगीदारानं सभासदांच्या घरांसाठी धान्याचे किट दिले. ज्या घरात कुणी एचआयव्हीची औषधं घेतं, त्यांना वर शेंगदाणे, गूळ आणि खजूर. अंगात ताकद नसली की ती औषधं सोसायला जड जातात.

आजाराची माहिती या लोकांनी आम्हाला विश्वासानं दिली होती. ती जपायचं काम माझं. त्यासाठी मी ट्रेनिंग घेऊन आले होते. कम्प्युटरला पासवर्ड. नावाऐवजी कोड नंबर, म्हणजे एखादा कागद कुणाच्या हाती पडला तरी माणूस कळू नये. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त मला आणि अध्यक्षांना माहीत. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. आमच्या अध्यक्षांना सगळे काकू म्हणतात. त्या चेष्टेनं म्हणायच्या, "हिच्या पर्समधून किल्ली काढण्यापरीस बँक फोडणं सोपं हाय." मला ते ऐकायला आवडायचं.

वाटपाच्या आधी एक अडचण आली. भर गर्दीत जास्तीचं सामान कुणाला द्यायचं, हे वाटणाऱ्या मुलींना कळणार कसं? यादी तिथं नेली तर कुणीही डोकावणार. मग मी शक्कल लढवली. यादी न्यायचीच नाही. प्रत्येकीच्या कुपनवर नंबर आणि काही नंबरांपुढे बारीक टिंब. टिंब असेल तर पिवळी पिशवी, नसेल तर पांढरी. वाटणाऱ्यांना कारण माहीत असायची गरजच नाही.

"बेस हाय की," काकू म्हणाल्या. "पर पोरींनी इचारलं तर?"

"ज्यादा सामान आहे म्हणून सांगायचं."

"बरं."

वाटप सुरळीत पार पडलं. एकही नाव उच्चारलं गेलं नाही, एकही कागद बाहेर दिसला नाही. परतताना गाडीत मी हे पुन्हा पुन्हा बोलून दाखवलं. आज ते आठवलं तरी कान गरम होतात.

त्या गावात एका माणसाचा आजार सगळ्यांना आधीपासूनच माहीत होता. त्याच्या हातात पिवळी पिशवी. मग तसलीच पिशवी आणखी कुणाच्या हातात आहे, एवढंच गावानं बघितलं. त्याला ना पासवर्ड लागला, ना किल्ली.

मला कळलं ते नवनाथकडून. त्याची सासुरवाडी त्याच गावची.

"मॅडम, पिवळी पिशवी म्हंजी ती बीमारी का वो?"

"कोण म्हणालं?"

"समदं गाव बोलायलंय. एका बाईला हिरीवर पोहरा टाकू देत न्हाईत."

गावात टँकर यायचा आणि विहिरीत रिकामा व्हायचा. मग बायका पोहऱ्यानं पाणी शेंदायच्या. अठ्ठावीस नंबरच्या बाईंना सांगितलं गेलं, तू आमचं झाल्यावर. आणि सगळ्यांचं झाल्यावर विहिरीत गाळ उरायचा. त्या दुष्काळात बाईंच्या घरी पाणी नव्हतं, आणि ते माझ्यामुळं.

तशीच नवनाथला घेऊन मी निघाले. जीप कुठं उभी करायची, हे डोक्यातही आलं नाही.

"चूक माझी आहे," गाडी गेल्यावर मी म्हणाले. "मी नीट विचार केला नाही."

"तुमी म्हनला, कुनाला कळणार न्हाई. म्हनून म्या सांगितलं. माझ्या भावालाबी ठावं नव्हतं. आता भावजय लेकरं हिकडं फिरकू देत न्हाई."

"आम्ही गावात सभा घेतो. डॉक्टरांना आणतो. हा आजार पाण्यातून होत नाही, शिवून होत नाही, ते सांगतील..."

"आन् त्या सभेत समदी कुनाकडं बघत्याल?"

बाई दार लोटायला लागल्या.

"माझं नाव काढा. तुमचं किट नगं, काईच नगं. आन् पुन्यांदा दारात येऊ नका."

आवाज जरासुद्धा चढला नाही. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू एकली न्हाईस. बेस हाय म्हनणारी मीच होते." त्यांनी फोन उचलला आणि टँकरचं बघणाऱ्या साहेबांना फैलावर घेतलं. "पाणी हिरीत कावून सोडता? समदं गढूळ व्हायलंय. शाळेपाशी टाकी ठेवा, नळ लावा." कुणाचं नाव नाही, आजाराचा शब्द नाही. टाकी आली. नळाला पोहरा लागत नाही, त्यामुळं बाईंना पाणी मिळू लागलं. रांगेत मात्र त्यांच्या मागे थोडी जागा मोकळी राहायची, असं नवनाथ सांगायचा. ती जागा मी पाडलेली.

मग केंद्रावर दोघींनी विचारलं, त्या बाईचं दूध आमच्याच कॅनमध्ये ओतता का? दुधाचा याच्याशी संबंध नाही, हे मी त्यांना खडसावून सांगितलं. पण तोवर बाईंनी दूध आणणं बंद केलं होतं. पुढं म्हैस विकल्याचं कळलं. त्यांचं नाव मी कम्प्युटरमधून काढलं, बॅकअपमधूनही काढलं. नियमाप्रमाणे काम पूर्ण झालं. गावाच्या डोक्यातून मात्र ते पुसता येत नव्हतं.

आता आमच्या सगळ्या पिशव्या एका रंगाच्या असतात. जास्तीचं सामान आम्ही वाटपात देतच नाही, दवाखान्यातून औषधांबरोबर देतो. आणि कुठल्याही कार्यक्रमाआधी काकू एकच विचारतात, "लांबून बघणाऱ्याला काय कळंल?" ट्रेनिंगमध्ये हे कुणी विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास पाटोद्याच्या स्टँडवर बाई दिसल्या. ऊसतोडीला निघालेल्या टोळीबरोबर होत्या. डोक्यावर बोचकं, सोबत परगावच्या बायका. त्यातली एक त्यांच्या खांद्यावर हात टाकून हसत काही सांगत होती. बाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि चेहरा एकदम उतरला. मी गळ्यातलं संस्थेचं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं.

"वळखीच्या हायत का गं?" त्या सोबतिणीनं विचारलं.

"न्हाई," बाई म्हणाल्या.

माफी पुन्हा ओठांवर आली होती. ती गिळून मी गाड्यांच्या बोर्डाकडे बघत उभी राहिले. त्यांची माहिती मी नीट जपली, ती तेवढी एकदाच.