राणी दाग्नीचं दुसरं लग्न आन आमचं दुकान

शिलाईच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी सरत नाहीत, चिंध्या आन किस्से. चिंध्या तं गोधडीले तरी कामी येतात. किस्से नुसते साचत राह्यतात, आन ओळखीचं कोणी टेकलं की तोंडातून निघतातच. आता तुम्ही बसल्याच हाय तं ऐका. पण एक आधीच सांगते. मधात कोणी "शिवणकाम करणाऱ्या बायायले काय करायचं असली सिरियल पाहून" म्हणलं, तं चहा मिळणार नाही!

मोताळ्यात बाजाराच्या रस्त्यावर माझं लेडीज टेलरचं दुकान हाय. मशिनी तीन, बाया चार. कटिंग माझ्याकडं, म्हणून गाव मले मास्तरीणबाई म्हणते. रुबिना मले बाजी, म्हणजे ताई, म्हणते; ती पिको-फॉल करते. तिची मशीन थांबन, तोंड थांबत नाही. कौसल्यामावशी हातशिलाई आन हूक-काज करते. साठी ओलांडली, पण सुईत दोरा अजून बिनचष्म्यानं ओवते. आन ब्लाऊज शिवते सुनंदा, ती मावशीची सून.

मावशीचा लहाना पोरगा म्हणजे सुनंदाचा नवरा. गाडीवरून पडून गेला, सहा वर्षं झाले. मागं एक पोरगी, गौरी, तिसरीत शिकते. सुनंदाच्या माहेरी आता कोणी उरलं नाही. दिवाळीच्या आधी तिले मेहकरचं स्थळ आलं. संतोष नाव, पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करते, त्याची बायको आजारानं गेलेली. सुनंदाच्या मनात होतं, मावशीच्या नव्हतं. दोघी एका घरातून एका डब्यात भाकरी आणत, समोरासमोर बसून खात, आन त्या विषयावर एक अक्षर बोलत नसत. आम्हाले सारं माहीत होतं, पण इचारायची हिंमत कोणाची?

*

ती सिरियल रुबिनानं आणली. मोबाईल तेलाच्या कुपीले टेकवला आन दिली लावून. समुद्रापारचे जुने लुटारू, लांबच लांब जहाजं, अंगावर कातडे, हातात कुऱ्हाडी. हिंदी डबिंग. पहिला चहा येऊस्तोवर अर्ध गाव कापल्या गेलं होतं.

मावशी सुई थांबवून पाहून राह्यली होती. म्हणे, "काय वं, यायच्यात कोणी आंघोळ करत नाही काय?"

रुबिना म्हणे, "मावशी, समुद्रात हायेत ना ते!"

"मंग तं पाणीच पाणी हाय की!"

त्याच दिवशी एक मॅडम ब्लाऊज न्यायले आल्या. पुण्याकडून बदली होऊन आलेल्या. मोबाईलकडं पाहून म्हणाल्या, "अय्या, तुम्ही हे पाहता? समजतं का तुम्हाला?" माह्या डोक्यात तिडीक गेली. मी कैची ठेवून काही बोलणार, तेवढ्यात मावशी बोलली.

"भावानं भावाची जमीन दाबली, आन वरून त्याच्या बायकोशी गोड बोलला. यात न समजासारखं काय हाय, मॅडम?"

मॅडमनं हूक लावले की नाही तेही न पाहता पिशवी उचलली.

*

आमच्यात पहिला वाद पेटला तो टाक्यावरून. त्या सिरियलीत वेमुंड नावाचा एक हाय, जहाजाचं शीड शिवते. आम्ही त्याले शीडवाला म्हणतो. दिसाले बरा, बोलाले कमी. राजा ओर्मची राणी दाग्नी त्याच्याशी येता-जाता दोन शब्द बोलाची, एवढ्यावरच रुबिना त्याच्या पार्टीत गेली.

एक दिवस कॅमेऱ्यानं त्याचे हात जवळून दाखवले. मावशी ओरडली, "थांबव ते! थांबव!"

रुबिनानं थांबवलं. मावशीनं मोबाईल डोळ्यापाशी धरला. "एकेरी टाका मारून राह्यला वं हा! एवढं मोठं कापड, एवढा वारा, आन काठाले दुमड बी नाही! पहिल्या झपाट्यात उसवते का नाही पाह्य."

मी पाह्यलं तं खरंच दुमड नव्हती. सुनंदा हसून म्हणे, "आई, तो नट हाय. त्याले कुठं येते शिवता?"

"मंग शिकून याव! आपण काय पोटातून शिकून आलो?"

रुबिना लय भांडली. माणूस चांगला हाय, मनाचा साफ हाय, राणीकडं मान वर करून पाह्यत नाही. मावशीचं एकच. "ज्याले काठ दुमडता येत नाही, तो संसार काय सांभाळन?" आता योगायोग म्हणा, पुढच्याच एपिसोडात तुफान आलं आन ते शीड उभं फाटलं. मावशीनं रुबिनाकडं पाह्यलं आन सगळ्यायसाठी चहा सांगितला.

*

राजा ओर्म मेला त्या दिवशीचं सांगते. पाठीत कुऱ्हाड. मी कापड कापत होती आन डोळे मोबाईलवर. राजा पडला तसे आम्ही चौघीयनं एकदम "अगं बाई गं!" केलं. रुबिनानं तं डोळ्याले ओढणी लावली. मी हात चालूच ठेवले, आन वीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या!

कापड होतं गल्लीतल्या मोठ्या बाईचं, लग्नाचा ब्लाऊज, हातमागाचं, दुसरा तुकडा मिळणार नाही असं. संध्याकाळी बाई आल्या. मी कापड टेबलाखाली सरकवलं. मावशी पुढं झाली.

"आज काम नाही झालं बाई. मयत झाली."

बाई घाबरल्या. "अरे देवा! कोणाकडं?"

मावशीले खोटं बोलता येत नाही. म्हणे, "राजा ओर्म गेले."

मी डोळे मिटून घेतले. आता चप्पल येते की शिव्या येतात, एवढंच पाहायचं होतं. बाई हळूच स्टुलावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

"भावानंच मारलं ना? त्या स्टायननं? मी आमच्या ह्यायले आधीच म्हणलं होतं, याची नजर चांगली नाही!"

बाह्या नंतर जाळीच्या लावून दिल्या. बाईले त्याच जास्त आवडल्या.

*

मंग राणी दाग्नीनं दुसरं लग्न लावलं. शीडवाल्याशीच! आन आमच्या दुकानाचे सरळ दोन भाग झाले.

रुबिनानं टाळ्या वाजवल्या. मावशीनं हातातलं काम खाली टाकलं. "निलाजरी! राजाची राख थंडी झाली नाही आन ही बांगड्या भरून राह्यली!"

"मावशी, तीन वर्षं झाले! मधात दाखवलं ना, राजाचं पोरगं केवढं मोठं झालं!"

"तीन होवो नाहीतं तीस. राजाची बायको ते राजाची बायको."

रुबिना म्हणे, "आमच्यात नवरा गेल्यावर इद्दतचे चार महिने दहा दिवस सरले की घरचेच इचारतात, आता पुढं काय करतं पोरी? त्यात पाप काय हाय?"

"तुमच्यातलं तुमच्यापाशी ठेव."

"मंग राणी कोणाच्यातली हाय? तुमच्यातली हाय का?"

मले मधात पडावंच लागलं. पण मधात पडून मी बी रुबिनाकडून बोलली, म्हणून मावशी माह्यावर बी रुसली. तिनं आपला पाट उचलला आन दारापाशी जाऊन बसली, मोबाईलकडं पाठ करून. चार दिवस सारा कारभार माह्या थ्रू. "मास्तरीणबाई, तिले सांगा, काळी रिळ दे." रुबिना हातभर अंतरावर! रुबिना म्हणे, "बाजी, त्यायले सांगा, रिळ त्यायच्याच मांडीवर हाय."

ह्या साऱ्यात सुनंदा आपले ब्लाऊज शिवत होती. पाचव्या दिवशी तिनं मशिनीचं चाक हातानं धरून थांबवलं.

"आई, राणीचं जाऊ द्या. माहंच बोला. मले मेहकरले जायचं हाय. मी तुम्हाले चोरून जाणार नाही, आन तुम्ही नाही म्हणलं तरी थांबणार नाही."

मावशी दारातून रस्त्याकडं पाहात होती. तिकडंच पाहात बोलली, "आन गौरी?"

"गौरी माह्यासंग."

मावशीनं परत काज करायले घेतले. त्या दिवशीचे सारे काज वाकडे झाले. मी गुपचूप उसवून नवे केले.

*

ही गोष्ट मावशीच्या मोठ्या पोराच्या, गजाननच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर. ट्रॅक्टर रस्त्यात तसाच चालू ठेवून आला.

"मास्तरीणबाई, तो मोबाईल बंद करा. असलं पाहून पाहून आमच्या घरची बाई बिघडून राह्यली."

मी म्हणलं, "गजाननभाऊ, तुमच्या घरी टीव्ही हाय. त्याच्यात तीन सुना रोज एकमेकीच्या दुधात विष कालवतात. तवा तं कोणी बिघडलं नाही?"

"मले शिकवू नका."

"शिकवत नाही. दुकान माहं हाय, लाईट माही हाय, आन मोबाईल रुबिनाचा हाय. तुमचा फक्त ट्रॅक्टर हाय, तो रस्त्यातून काढा."

तो सुनंदाकडं वळला. ती मान खाली न घालता म्हणे, "भाऊजी, स्थळ दिवाळीच्या आधी आलं. ही सिरियल तं दिवाळीच्या नंतर लागली. राणी माहं पाहून बिघडली असन तं माहीत नाही!"

रुबिनानं तोंडात ओढणी कोंबली. गजानन लालेलाल झाला. "जाय कुठी जायचं तिकडं! पण गौरी आमच्या खानदानाची पोर हाय. ती उंबरठ्याबाहेर जाणार नाही." असं म्हणून निघून गेला. मले त्याचा संताप आला, खरं सांगते. सहा वर्षांत त्या पोरीची एक वही आणली नाही यानं.

दुपारी जेवण झालं. आम्ही कोणी मोबाईलले हात लावला नाही. तं मावशीच दारापाशून म्हणे, "लाव वं ते. काय झालं पुढं पाहू."

रुबिनानं लावलं. त्यात बी नेमकं तेच! मेलेल्या राजाचा भाऊ स्टायन राणीले म्हणे, तू जाय, पोरगं मात्र आमच्या घराण्याचं हाय. मावशी अजून मोबाईलकडं पाठ करूनच बसली होती, नुसतं ऐकत होती. एकदम म्हणे, "याले कोणी इचारलं? त्यानं कधी त्या लेकराचं नाक पुसलं?"

रुबिनाले राहवलं नाही. "मावशी, राणीले निलाजरी म्हणता, शीडवाल्याले शिवता येत नाही म्हणता, आता स्टायनले शिव्या देता. तुम्ही हाय तरी कोणाच्या पार्टीत?"

मावशी म्हणे, "मी मेलेल्याच्या पार्टीत हाय, पोरी. त्याच्याकडून कोणी बोलत नाही."

सुनंदा उठली आन तिच्या बाजूले जाऊन बसली. रुबिनानं मोबाईल पालथा घातला.

*

मंग आला तो दिवस. संतोष आन त्याची माय मेहकरवरून बसनं आले. गजाननानं आधीच सांगून ठेवलं होतं, माह्या घरात पाय ठेवू देणार नाही. मी म्हणलं, नको ठेवू देऊ. माह्या दुकानात ठेवतील! कटिंगचा टेबल रिकामा केला, त्याच्यावर धुतलेली चादर टाकली. रुबिनानं घरून पोहे करून आणले.

संतोष साधा माणूस. बोटायले तांब्याच्या तारेचे चरे. स्टुलावर असा बसला होता की उठ म्हणलं तं लगेच उठता याव. त्याची माय बोलकी होती. म्हणे, "गौरीले आमच्याच पोरीसारखं ठेवू. तिच्या शाळेचं मी पाह्यलं, घरापासून जवळच हाय."

तेवढ्यात गजानन दारात. अंदर आला नाही, चौकटीत हात टेकवून उभा राह्यला. म्हणे, "करा, लग्न करा! मी अडवत नाही. पण पोरीकडचं म्हणून आमच्यातलं कोणी येणार नाही. नवरदेवाचा पोशाख पोरीकडच्यायनं करा लागते. कोण करन? हिले माहेर हाय कुठी?"

संतोष म्हणे, "मी माहे कपडे घालून येईन. काही नाही लागत."

त्याची माय खाली पाहून बोलली, "लागत नाही बाप्पा, पण रीत हाय. मागून पोरीलेच टोमणे बसतात. बिनघरची आणली म्हणतात."

सहा वर्षांत मी सुनंदाले रडताना पाह्यलं नव्हतं, तिथं ती रडाले आली. मी म्हणणार होती की मी करते पोशाख. पण मी कोण? मालकीण. मालकीण म्हणजे माहेर नव्हे, हे मले बी समजते.

दारापाशी मावशी ब्लाऊजले हूक लावत बसली होती. तिनं दोरा दातानं तोडला. ब्लाऊज बाजूले ठेवला. गुडघ्यावर हात देऊन उठली, माह्यापाशी आली, माह्या गळ्यातला टेप ओढून घेतला आन संतोषसमोर जाऊन उभी राह्यली.

"उठ."

तो उठला.

"हात वर कर."

दारातून गजानन म्हणे, "माय! काय करून राह्यली तू?"

मावशीनं तिकडं पाह्यलं बी नाही. संतोषच्या छातीभोवती टेप फिरवला, अंदर दोन बोटं घालून सैल केला, आन माह्यावर खेकसली,

"अडतीस. लिही ना वं, तोंडाकडं काय पाहून राह्यली!"