अर्ध्या गडावरून माघारी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्या हृदयाचे ठोके बिघडले. आम्ही तेव्हा नाशिकला द्वारका चौकाजवळ राहायचो. खाली दिवसभर ट्रकांची घरघर, पण मला त्याहून मोठा आवाज माझ्याच छातीतला वाटे. चार ठोके नीट पडायचे, मग एखादा गळायचा, मग सगळे एकमेकांवर धावून आल्यासारखे व्हायचे. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून पाहिली आणि एक बारीकशी गोळी लिहून दिली. महिन्याभरात धडधड थांबली, पण ती थांबली यावर माझा विश्वास काही बसेना. भीती मात्र बसली. देवीचं नाव घेतानाही माझी दोन बोटं मनगटावर असत.

पुढे अन्नावरची वासना उडाली. फोडणीचा वास आला की पोटात ढवळून यायचं. अंगात त्राण नसे. हे, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे, "डॉक्टरांना दाखवू या." मी म्हणायची, "पित्त असेल." खरं कारण वेगळं होतं आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. काही दिवसांपासून मला सगळं पिवळसर दिसत होतं. भिंत, चादर, सकाळचं ऊन, सगळ्यावर हळदीचा हात फिरल्यासारखा. देवघरातल्या समईभोवती तर सोनेरी कडं दिसायचं. आज लिहितानाही संकोच वाटतो, पण मला ती कृपा वाटली. सप्तशृंगी आमची कुलस्वामिनी. इतकी वर्षं तिची उपासना केली, आता ती दिसू लागली, असं मी मनाशी धरलं. त्यात भक्ती किती होती आणि गर्व किती, हे तिलाच ठाऊक.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी मी हट्टाने गडावर निघाले. एसटीत दिंडोरीपर्यंत कसाबसा तग धरला, वणीच्या स्टँडवर उलटी झाली. हे परत फिरू म्हणाले. मी ऐकलं नाही. पायऱ्या चढू लागलो तेव्हा दर दहा पायऱ्यांना बसावं लागत होतं. निम्म्यावर आल्यावर एका फुलवालीपाशी थांबले आणि म्हटलं, "बाई, ती पिवळी शेवंती दे."

ती हसली. "पिवळी नाय ओ, पांढरी हाय ही. पिवळी आज आलीच नाय."

मी पुन्हा पाहिलं. पिवळीच होती. तेवढ्यात मी तिथेच मटकन बसले. आमच्या मागून एक साठीच्या बाई येत होत्या. साधं सुती पातळ, हातात कापडी पिशवी. त्या माझ्याशेजारी टेकल्या आणि काही न विचारता त्यांनी माझं मनगट धरलं. घड्याळाकडे बघत मिनिटभर नाडी मोजली. मग हळूच म्हणाल्या, "ताई, हृदयाची गोळी चालू हाय का? आणि सगळंच पिवळं दिसतंय ना?"

माझ्या अंगावर काटा आला. जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते या अनोळखी बाईला कसं कळलं?

"मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, दिंडोरीकडं," त्या म्हणाल्या. "शेवंतीवरून तुमचं बोलणं ऐकलं. असाच एक पेशंट बघितला होता. गोळी अंगात जास्त साठली की असं होतं. नाडी लय मंद चाललीये तुमची. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितली होती का?"

तेव्हा मला कबूल करावं लागलं. डॉक्टरांनी आठवड्यातून पाचच दिवस सांगितली होती, शनिवार-रविवार खाडा. पण हृदय काही शनिवार-रविवारी थांबत नाही, मग गोळी का थांबवायची, अशा भीतीपोटी मी एकही दिवस चुकवला नव्हता.

"आता वर जायचं नाही," बाई म्हणाल्या. "आजच्या आज डॉक्टर गाठायचा."

"इतकं वर येऊन दर्शन न घेता?" मला रडू फुटलं.

"आई कुठं पळून जात नाय, ताई. ओटी माझ्याकडं द्या. तुमच्या नावानं मी भरते."

मी ओटीची पिशवी त्यांच्या हातात दिली. आयुष्यात इतकं जड काही मी कधी कोणाला दिलं नव्हतं. ह्यांनी डोली ठरवली. उतरताना मागे वळून पाहिलं, तर त्या सावकाश वर चढत होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

गडावरच्या एका जीपवाल्याने आम्हाला थेट नाशिकला आणलं. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं, गोळी बंद केली, सलाइन लावलं. "वर चढत राहिला असतात तर कठीण होतं," एवढंच ते बोलले. चौथ्या दिवशी सकाळी ह्यांनी थर्मासमधून पेज आणली. वाटीत ओतली, आणि मला ती पांढरी दिसली. स्वच्छ, दुधासारखी पांढरी. वर मिठाचा खडा, तोही पांढरा. मला कडकडून भूक लागली होती. मी रडत रडत वाटी रिकामी केली आणि हे बिचारे घाबरून सिस्टरला हाक मारायला निघाले.

नंतर डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, डोसही नीट लिहून दिला. नव्या गोळीने हात गार पडणं, थोडा थकवा हे होतंच, पण आता जे होईल ते मी त्यांना सांगू लागले. पिवळा उजेड गेला तेव्हा आधी थोडं पोरकं वाटलं. देवी दिसली नव्हती, औषध अंगात साठलं होतं, इतकंच. पण मग वाटलं, मला जी खूण वाटली ती खूण नव्हती, आणि जी खरी खूण होती ती सुती पातळ नेसून माझी नाडी मोजत बसली होती. शरण जाणं म्हणजे पाय ओढत वर पोचणं, असंच मी समजत होते. त्या दिवशी देवीने मला उतरायला सांगितलं आणि मी उतरले. इतक्या वर्षांच्या उपासनेत तिचं ऐकलं असेल, तर ते तेवढ्याच वेळी.