शबनमचा अंगठा

मंगळवार पेठेत शबनमच्या मशिनीवर फॉल-पिकोला साडी टाकली की संध्याकाळी हातात मिळणार, हे सगळ्या बायकांना ठाऊक. ती बारावी पास आहे, हे मात्र कुणालाच नाही. वारणानगरच्या कामगार वसाहतीत वाढलेली पोर. पुढं शिकायचं म्हणायची. लग्न झालं, मुबशिरा झाली आणि टेम्पो चालवणारा नवरा नौमान साध्या तापात गेला. मागं उरली सासू इमामबी, लेक आणि निराधार योजनेची पेन्शन.

ती पेन्शन शेजारच्या तानाबाईनं मिळवून दिली. तानाबाई स्वतः विधवा, पेठेतल्या पेन्शनवाल्या बायकांची पुढारीण. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला सगळ्यांना तहसील कचेरीत न्यायची आणि निघायच्या आधी दारात उभं करून तपासायची.

"कानातलं काढ. झिजकी चप्पल घाल. आणि सही कुणी करायची न्हाय, अंगठा! सही केली की सायब म्हणतोय, ही कसली निराधार?"

शबनमनं पहिल्या वर्षी मुकाट अंगठा दिला. मग दरवर्षी. घरी येऊन शाई घासताना लेकीला सांगायची, "मशिनीचं तेल लागलंय."

यंदा मुबशिरा दहावीत गेली. दाखल्याची तारीख जवळ आली तशी म्हणाली, "अम्मी, तेल निळं असतंय व्हय?"

ते शबनमच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी ती जवळच्या कॉलेजात चौकशीला गेली. बी. ए.चे वर्ग रविवारी भरत होते. प्राचार्यबाई म्हणाल्या, "योजनेत असल्याचा तहसीलचा दाखला आणा, फी आम्ही माफ करतो."

तानाबाईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "खुळी का काय तू? जे पेन्शन देत्यात त्यांनाच जाऊन सांगणार, मी कॉलेजात चाललोय म्हणून? तुजी जाईलच, वर आमची बी चौकशी लावतील!"

इमामबीच्या बीपीच्या गोळ्या त्याच पेन्शनवर चालायच्या. शबनमनं तिच्याकडं बघितलं. म्हातारी पानाला चुना लावत बसली होती. "मला काय विचारतीस? गोळ्या मी खातो, पण तुजं शिकायचं तुणतुणं रोज मीच ऐकतो. जा एकदाची."

दाखल्याच्या दिवशी कचेरीत खिडकीमागं अनुजा नावाची नवी कारकून होती. तिनं रांगेतल्या सगळ्यांसारखाच शबनमपुढंही शाईचा पॅड सरकवला. मागून तानाबाईनं शबनमच्या दंडाला चिमटा काढला.

"पेन द्या," शबनम म्हणाली. "आणि कॉलेजसाठी एक दाखला बी पायजे."

अनुजानं जुने कागद चाळले. "लिहाय येतंय तर इतकी वर्षं अंगठा का?"

"निराधार हाय म्हणून."

अनुजा हसली नाही. "अहो ताई, अट उत्पन्नाची हाय. शिकू नये असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मागं तानाबाई एकाएकी छताचा पंखा बघू लागली. शबनमनं लग्नानंतरचं पूर्ण नाव पहिल्यांदाच लिहिलं, शाळेतल्या गोल अक्षरात, जीभ दातात धरून.

दाखला मिळाला, प्रवेशही झाला. पण पुढच्या महिन्यात पेन्शन आलीच नाही. इमामबी गोळी अर्धी करून घेऊ लागली. तानाबाईनं बोलणं टाकलं. शबनम मशिनीवर बसायची आणि दोरा पुनःपुन्हा तुटायचा.

एके दिवशी गल्लीच्या टोकाची बयाबाई तावातावानं आली. "माजी बी न्हाय आली! कुणाचीच आली न्हाय. वरनंच थांबलंय म्हणं."

शबनम उठून तानाबाईच्या दारात गेली. "मावशी, तुमची बी अडकली हुती?"

"व्हय की."

"आणि बोलला न्हाईसा?"

"बोललो असतो तर तुज्यावर राग कसा धरला असता?" तानाबाई म्हणाली आणि स्वतःच आधी हसली.

आठवड्याभरात सगळ्यांची पेन्शन जमा झाली, शबनमचीही.

रविवारी शबनम पिशवी घेऊन निघाली, तर तानाबाई दारात आडवी.

"थांब. कानातलं कुठाय? घाल. आणि ही कसली झिजकी चप्पल? बरी न्हाय का दुसरी?" तिनं शबनमला वरपासून खालपर्यंत तपासलं. "हां, जा आता. आणि लवकर ये, माज्या पोरीच्या, क्रांतीच्या साडीचा पिको राहिलाय."